बेल्ट की गिअर? गोराईच्या वाडीवर दोन एटीव्ही राबवल्यानंतर

आमची वाडी गोराईला. नारळ, थोडे आंबे, पावसात भाजी, आणि मागे खाजणाच्या बाजूला उतरत जाणारी सखल जमीन, जिथे जूनपासून पाय घोट्यापर्यंत रुततो. नारळ, खताची पोती, पाण्याचे कॅन आतून गेटपर्यंत न्यायला दोन एटीव्ही आहेत, म्हणजे जाड टायरच्या, कच्च्या जमिनीवर चालणाऱ्या चारचाकी गाड्या. एक १५० सीसीची बेल्टवाली, दुसरी १२५ सीसीची गिअरवाली. दोन्ही चिनी इंजिनांच्या, दोन्ही फक्त वाडीच्या आत, कारण रस्त्यावर काढायला या गाड्यांना पासिंग नाही. उन्हाळा आणि अख्खा पावसाळा दोन्ही सारख्याच राबल्या, म्हणून आता ठामपणे लिहितो आहे.

दोन्हींना हाताचा क्लच नाही, त्यामुळे दुकानदार दोन्ही ऑटोमॅटिक म्हणूनच दाखवतो. आतला मामला वेगळा आहे. बेल्टवालीत स्कूटरचीच यंत्रणा: पुढची पुली, मागची पुली, मध्ये रबरी बेल्ट. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, पुली आवळते आणि रेशो, म्हणजे इंजिनाच्या मानाने चाक किती फिरतं ते प्रमाण, आपोआप बदलतो. पुढे, रिव्हर्स आणि न्यूट्रल, एवढाच खटका. गिअरवालीत सेंट्रिफ्युगल क्लच आहे, म्हणजे इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा, पण गिअर पायाने टाकावे लागतात, तीन पुढचे आणि एक मागचा. मागच्या एक्सलपर्यंत ताकद न्यायला मात्र दोन्हींना चेनच आहे. ‘बेल्टवाली घेतली, चेनची कटकट गेली’ असं कुणी सांगितलं तर गाडीखाली वाकून बघा. आमच्याकडे रेती आणि खारी हवा मिळून चेन खातात. दर आठवड्याला धुऊन तेल द्यावंच लागतं.

कोरड्यात बेल्टवालीला तोड नाही. सत्तरीचे काका पहिल्याच दिवशी चालवायला लागले. थांबत, चालत, झाडाझाडापाशी नारळ गोळा करत जायचं तर सारखं पायाने गिअर खालीवर करण्यापेक्षा हे फार सुखाचं. नुसता अंगठा दाबायचा.

पाऊस सुरू झाला आणि चित्र पालटलं. सखल भागातून कॅरिअरवर ओली पोती घेऊन निघालं की गाडी चालायच्या वेगानेच सरकते. बेल्टवालीतही मागच्या पुलीवर असाच आपोआप पकडणारा क्लच असतो, तो त्या वेगाला पूर्ण पकडत नाही. इंजिन ओरडतं, चाक जेमतेम फिरतं, आणि सगळी ताकद क्लचच्या शूमध्ये, म्हणजे घासून पकडणाऱ्या पट्ट्यांत, आणि बेल्टच्या कडांवर उष्णता होऊन जाते. जुलैत एका सकाळी जळक्या रबराचा वास आला. मेकॅनिकने कव्हर उघडलं तर आत काळी भुकटी साचलेली, बेल्टच्या दोन्ही कडा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या आणि क्लचची बेल, म्हणजे शू ज्याला आतून पकडतात ती लोखंडी वाटी, तापून निळी पडलेली. बेल्ट तुटला नव्हता, पण पकडीला काही उरलं नव्हतं. नवा टाकताना रोलर थोडे हलके बसवून घेतले. त्यामुळे इंजिन जास्त आरपीएमवर राहतं आणि ओढ सुधारते. फरक जाणवला, पण ओल्या पोत्यांचं दुखणं गेलं नाही.

त्याच वाटेवरून, तेवढंच वजन घेऊन, १२५ची गिअरवाली पहिल्या गिअरमध्ये मुकाट निघून जाते. इंजिन लहान, पण पहिला गिअर खालचा, आणि क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असल्याने तापत नाही. उतारावर गिअरमध्ये ठेवलं की इंजिन गाडी धरून ठेवतं. बेल्टवाली मात्र आरपीएम उतरले की मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ओल्या उतारावर मागे वजन असताना हे मला अजिबात आवडत नाही.

म्हणून बेल्टच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या पोलारिस कंपनीने १९८५ साली आपली पहिली एटीव्ही काढली तीच बेल्टची, आणि त्यांच्या मोठ्या गाड्या आजही बेल्टवरच चिखलात ओझी ओढतात. पण तिथे बेल्टच्या पुढे हाय आणि लो अशी वेगळी गिअरबॉक्स असते. ओझं असलं की लो टाकायचा, बेल्ट आपल्या नीट वेगात फिरत राहतो. यामाहाने तर क्लच बेल्टपासून वेगळा काढून तेलात ठेवला आणि बेल्ट कायम ताणलेला ठेवला, त्यामुळे उतारावर इंजिनाची पकडही मिळते. होंडाने २००३च्या रिंकॉन एटीव्हीला टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पुढे देणारी जोडणी) आणि तीन गिअर दिले, पुढे रँचर, रुबिकॉन या एटीव्हींना ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचची आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा, दिली. तिथे बेल्टच नाही. आपल्याकडे होंडाच्या एटीव्ही शोरूमला मिळत नाहीत, तो पर्याय बाजूलाच ठेवा. आमच्या बेल्टवालीत कमी आहे ती लोची. दुकानात गेलात तर सीसी नंतर विचारा, आधी लो आहे का ते विचारा.

पाण्याचंही सांगतो. बेल्टच्या कव्हरमध्ये गार हवा खेचायला तोंड असतं. डबक्यातून जाताना तिथून पाणी आत गेलं की बेल्ट घसरतो आणि गाडी जागच्या जागी गुरगुरते. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून स्कूटर काढलेल्यांना हे माहीत आहे. कव्हरचा खालचा बोल्ट काढून पाणी सोडायचं, मग न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन बेल्ट वाळवायचा. गिअरवालीला ही भानगड नाही. तिला ऑइल तेवढं वेळेवर बदलून लागतं, आणि ते बाइकचंच हवं, डब्यावर जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचं जपानी मानक) लिहिलेलं. गाडीचं म्हणजे कारचं ऑइल घातलं तर ओला क्लच घसरायला लागतो.

सुट्या भागांत बेल्टवाली जिंकते. इंजिन स्कूटरच्या घराण्यातलं, त्यामुळे बेल्टवरचा आकडा जुळला की काम झालं. आमच्या बेल्टवर ८४२-२०-३० छापलं आहे: लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये, शेवटचा आकडा कडेच्या कोनाचा. याच १५०च्या इंजिनाची बेल्टकडची केस (खोकं) आखूड असली तर ७४३चा बेल्ट लागतो, म्हणून नुसतं ‘दीडशेचा द्या’ म्हणू नका. जुना बेल्ट पिशवीत घालून न्या आणि दुकानातच शेजारी धरून बघा.