विश्लेषण सर्व्हरच्या एपीआयसाठीची जावास्क्रिप्ट लायब्ररी : सात महिन्यांच्या वापरानंतर

लायसन्सच्या नूतनीकरणाची यादी समोर आली, तेव्हा तिच्यात अशी १४० खाती दिसली जी माझ्या समजुतीप्रमाणे तीन आठवड्यांपूर्वीच बंद झालेली होती. आमच्या विश्लेषण सर्व्हरवर दर खात्यामागे पैसे मोजावे लागतात. म्हणून नव्वद दिवसांत एकदाही लॉगिन न झालेली खाती दरमहा बंद करायची, असा नियम मी घालून घेतला आहे, आणि ते काम या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) लिहिलेली एक छोटी नोड स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरबाहेर चालणारा जावास्क्रिप्ट प्रोग्राम, करते. त्या दिवशीच्या लॉगमध्ये एकही त्रुटी नव्हती आणि शेवटची ओळ ‘काम पूर्ण’ अशीच होती. कोणीही न वापरलेल्या १४० खात्यांचे पैसे मात्र नाहक गेले, आणि अशी उधळपट्टी मला सहन होत नाही.

नेमके काय झाले ते सविस्तर सांगतो, कारण पानाच्या क्रमांकाने यादी देणाऱ्या कोणत्याही एपीआयवर (प्रोग्रामने सर्व्हरशी बोलायच्या ठरीव मार्गावर) हे घडू शकते. सर्व्हर एका वेळी १०० खाती देतो. लायब्ररीत त्यासाठी एक सोयीची पद्धत आहे: एक्मास्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टच्या प्रमाणात) २०१८ साली आलेले ‘फॉर अवेट’ (उत्तर येईपर्यंत थांबून एकेक नोंद घेणारे आवर्तन) वापरून खात्यांवर फिरत राहायचे, पुढचे पान लायब्ररी स्वतः मागवते. मी ‘सक्रिय, पण नव्वद दिवस लॉगिन नाही’ अशी चाळणी लावून याच पद्धतीने फिरत होतो आणि समोर येईल ते खाते तिथल्या तिथे बंद करत होतो. त्या महिन्यात एक मोठा विभाग दुसऱ्या प्रणालीवर गेला होता, त्यामुळे अशी ३४० खाती निघाली. पहिल्या पानावरची १०० बंद झाली, ती आता सक्रिय नसल्यामुळे यादीतून गळली आणि मागची २४० पुढे सरकली. दुसरे पान मागताना सर्व्हरने त्या २४० मधली पहिली १०० ओलांडली, म्हणजे मूळची १०१ ते २०० क्रमांकाची खाती कोणाच्या हातीच लागली नाहीत. २०१ ते ३०० बंद झाली. तिसऱ्या पानासाठी २०० ओलांडायची होती, पण यादीत उरली होती १४०. पान रिकामे आले आणि लायब्ररीने यादी संपली असे मानले.

आधीच्या महिन्यांत हे का दिसले नाही, याचे उत्तर सोपे आहे: तेव्हा अशी खाती कधी शंभरावर गेलीच नव्हती.

या अनुभवाचा पहिला मसुदा मी त्याच दिवशी लिहिला होता आणि त्यात सगळा दोष लायब्ररीवर टाकला होता. नंतर तिचा स्रोत वाचला आणि मत काहीसे बदलले. ज्या यादीवर फिरायचे तीच फिरता फिरता बदलायची नाही, हे साध्या ॲरेबाबतही (प्रोग्राममधल्या क्रमवार यादीबाबतही) आपण पाळतो. ते इथेही पाळायला हवे होते. पानाच्या क्रमांकाऐवजी शेवटच्या नोंदीची खूण धरून पुढे जाणारा एपीआय असता, तर नोंदी अशा सुटल्या नसत्या, पण तो बदल सर्व्हरने करायचा आहे, लायब्ररीला तो करता येणार नाही. एवढे मी मान्य करतो.

तरीही एक गोष्ट मी माफ करू शकत नाही. हा सर्व्हर प्रत्येक पानासोबत एकूण संख्या पाठवतो. विनंत्यांचा तपशील उघडून पाहिला, तर पहिल्या उत्तरात एकूण ३४० होते, दुसऱ्यात २४०, आणि तिसऱ्यात एकूण १४०, पण सोबत एकही खाते नाही. एकूण १४० सांगणारे रिकामे पान हातात असताना लायब्ररी मुकाट्याने थांबते. तिला तिथे त्रुटी देता आली असती, निदान लॉगमध्ये इशारा लिहिता आला असता. ज्या साधनाच्या भरवशावर आपण खाती बंद करतो आणि हक्क काढून घेतो, त्याने अपुऱ्या कामाला पूर्ण म्हणू नये. मी ही नोंद उदाहरणासह देखभाल करणाऱ्यांकडे पाठवली. उत्तर लवकर आणि सौजन्याने आले, दस्तऐवजात सूचनेची एक ओळही पडली, कोड मात्र होता तसाच राहिला.

बाकी लायब्ररीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. जावास्क्रिप्टमधले सर्व्हरला विनंती पाठवणारे मूळ ‘फेच’ ४०४ (सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमधला बिघाड) आले तरी प्रॉमिस नाकारत नाही, म्हणजे ती त्रुटी धरत नाही. ही लायब्ररी तिथे स्पष्ट त्रुटी फेकते आणि सर्व्हरचा संदेश जसाच्या तसा हाती देते. लांबलेल्या कामात टोकनची (साइन-इननंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या परवान्याची) मुदत संपून ४०१ (ओळख अमान्य) आले, तर ती पुन्हा साइन-इन करून तीच विनंती एकदा परत पाठवते. ४२९ (फार विनंत्या) आल्यावर सर्व्हरने ‘रिट्राय-आफ्टर’मध्ये सांगितलेला वेळ थांबते.

खात्यांचे आयडी हा मात्र सुखद धक्का होता. आमच्या सर्व्हरवरचे आयडी ६४ बिटांचे पूर्णांक आहेत, आणि जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच खात्रीने अचूक राहते. नेहमीच्या जेसन पार्सरला (सर्व्हरच्या उत्तराचा मजकूर वाचून त्यातली मूल्ये काढणाऱ्या भागाला) ९००७१९९२५४७४०९९३ दिले, तर शेवटचा ३ जाऊन २ होतो, आणि कोणतीही त्रुटी न येता भलत्याच माणसाचे खाते बंद होऊ शकते. ही लायब्ररी आयडी सुरुवातीपासून स्ट्रिंग (संख्या नव्हे, मजकूर) म्हणूनच देते. जिथे इतका बारीक विचार झाला आहे, तिथे रिकाम्या पानाचा विचार राहून जावा, याची म्हणूनच अधिक हळहळ वाटते.

आता मी स्क्रिप्टचे दोन भाग केले आहेत. आधी एकाही खात्याला हात न लावता सगळे आयडी गोळा करून फाइलमध्ये लिहायचे आणि त्यांची संख्या सर्व्हरने सांगितलेल्या एकूण संख्येशी ताडून पाहायची. जुळली नाही तर तिथेच थांबायचे. मग फाइलमधून एकेक खाते बंद करायचे आणि शेवटी तीच चाळणी पुन्हा लावून उत्तर शून्य येते का ते पाहायचे. यासाठी जेमतेम वीस ओळी लागल्या. राहिलेली १४० खाती याच रीतीने एका फेरीत बंद झाली. लायब्ररी मी बदललेली नाही, फक्त तिची आवृत्ती पक्की करून ठेवली आहे, आणि नवी आवृत्ती आली की सर्वांत आधी पाने मागवणारी तिची फाइल उघडून वाचतो.