सिंगापूरच्या छोट्या कंपनीला आउटसोर्स पेरोल: पाचपैकी साडेतीन

सिंगापुरात दहा-पंधरा माणसांची कंपनी चालवणाऱ्यांना पेरोलचं जे पॅकेज विकलं जातं, त्याचा साचा बहुतेक ठरलेला असतो: करार सिंगापूरच्या फर्मशी, प्रत्यक्ष काम क्वालालंपूर किंवा मनिलात. दोन्ही शहरांची घड्याळं सिंगापूरशी जुळतात. काम भारतात जात असेल तर अडीच तासांचा फरक पडतो आणि पगाराच्या दिवशी सकाळी दुरुस्ती निघाली की तो जाचतो.

नेहमीच्या कामात सेवा चोख. महिना संपल्यापासून ७ दिवसांत पगार, पगारासोबत किंवा कामकाजाच्या ३ दिवसांत पेस्लिप, पुढच्या महिन्याच्या १४ तारखेपर्यंत सीपीएफ (सिंगापूरचा सक्तीचा भविष्य निर्वाह निधी). एवढ्यासाठी स्वतंत्र माणूस ठेवणं छोट्या कंपनीला परवडत नाही.

घोळ होतो तो बदलांत. सीपीएफची मासिक वेतनमर्यादा २०२५ मध्ये ७,४०० डॉलर होती, जानेवारी २०२६ पासून ८,००० झाली. ९,००० पगार असलेल्या, पन्नाशीच्या आतल्या नागरिकाचा मालकाचा वाटा १७ टक्क्यांनी १,२५८ वरून १,३६० वर जातो, कर्मचाऱ्याचा २० टक्क्यांनी १,४८० वरून १,६०० वर. टेम्पलेट जुनंच राहिलं तर एका माणसामागे दरमहा २२२ डॉलर कमी भरले जातात, वर दरमहा दीड टक्का व्याज. नव्या पीआरचं, म्हणजे कायमस्वरूपी रहिवाशाचं, आणखी किचकट: पहिल्या वर्षी साधारणपणे मालकाचे ४ आणि कर्मचाऱ्याचे ५ टक्के, दुसऱ्या वर्षी ९ आणि १५. पीआर मिळाल्याची तारीख तुम्ही कळवली नाही, तर तिकडच्या टीमला ती कळणार कशी? पंचावन्नावा वाढदिवस झाला की पुढच्या महिन्यापासून दर बदलतो, तेही तसंच. एम्प्लॉयमेंट पासवाल्या (कामाच्या परवान्यावरच्या) परदेशी माणसाला सीपीएफ नसतो, पण एसडीएल, म्हणजे मालकाने भरायचा कौशल्यविकास कर, लागतो. सीपीएफच्या यादीतून नाव काढताना तोही गळतो.

सगळ्यांत कच्चा दुवा म्हणजे आयआर२१, परदेशी कर्मचाऱ्याचा कर चुकता व्हावा म्हणून मालकाने कर खात्याकडे भरायचा फॉर्म. परदेशी कर्मचारी सोडून जाणार असेल तर हा फॉर्म नोकरी संपण्याच्या किमान महिनाभर आधी भरायचा असतो आणि राजीनामा कळताच त्या कर्मचाऱ्याला द्यायचे पैसे रोखून धरायचे असतात. राजीनामा एचआरच्या मेलबॉक्समध्ये पडून राहतो, पेरोलवाले नेहमीप्रमाणे शेवटचा पगार सोडून देतात. कायद्यापुढे जबाबदार मालकच.

करार करताना आयआर२१ आणि मधल्याच तारखेला करावा लागणारा पगार दरात धरलाय का, हे लेखी घ्या. स्वस्त कोटेशनची वसुली बहुधा इथेच होते. पगाराची माहिती देशाबाहेर जाते, तेव्हा पीडीपीएनुसार (सिंगापूरच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार) तिकडे तोडीचं संरक्षण असल्याची हमी करारात हवी. आणि कॉर्पपासमध्ये (सरकारी ई-सेवांसाठीच्या कंपनीच्या लॉगिनमध्ये) फर्मला लागतील तेवढ्याच ई-सेवांचा अधिकार द्या, करार संपेल त्या दिवशी काढून घ्या.