पहिला प्रश्न ऐरोलीनंतर: उद्योजकांच्या मुलाखतींचे ॲप, 11 महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात कंपनीकडून ईमेल आला की पुढील महिन्यात माझ्या वार्षिक सभासदत्वाचे नूतनीकरण आपोआप होईल आणि त्यासाठी 4,800 रुपये आकारले जातील. मागील वर्षी हीच रक्कम 3,600 रुपये होती. रिझर्व्ह बँकेच्या 1 ऑक्टोबर 2021 पासूनच्या नियमाप्रमाणे अशी वसुली होण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवावे लागते, त्यामुळे घाई नव्हती. तरीही मी त्याच संध्याकाळी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन पैसे आपोआप कापून घेण्यासाठी दिलेली संमती उघडून पाहिली, तेव्हा रकमेच्या कमाल मर्यादेपुढे 5,000 असा आकडा दिसला. म्हणजे दरवाढीची जागा मी पहिल्याच दिवशी न वाचता मोकळी करून दिली होती. पर्चेस ऑर्डरवरील बारीक अक्षरे भिंग लावून वाचणाऱ्या माणसाचे हे असे झाले. या रागातूनच हा अनुभव लिहायला घेतला आहे, हे आधीच सांगून टाकतो. ॲपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी एक तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे. उद्योजकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती पैसे भरून ऐकणाऱ्यांना वर्णनावरून अंदाज येईल.

माझा रबाळ्याच्या एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगचा लहान कारखाना आहे: तीन मशीन, चौदा माणसे, बाटल्यांची झाकणे आणि पंपाचे सुटे भाग. राहायला नौपाड्यात आहे. सकाळी ठाण्याच्या ट्रान्स-हार्बरच्या फलाटावरून गाडी पकडली की दिघा गाव, ऐरोली आणि रबाळे, असा जेमतेम पाव तासाचा प्रवास. संध्याकाळी तेवढाच परत. एक मुलाखत साधारण 55 मिनिटांची असते, म्हणजे दोन दिवसांचे चार फेरे. आतापर्यंत 68 मुलाखती पूर्ण ऐकल्या. 3,600 भागिले 68, म्हणजे एका मुलाखतीला 53 रुपये पडले. हा हिशेब वाईट नाही, आणि माझा मुख्य आक्षेप पैशांबद्दल नाहीच, निदान गेल्या आठवड्यापर्यंत नव्हता.

आक्षेप आहे तो सुरुवातीबद्दल. पाहुण्याचा परिचय, मग पाहुण्याने मानलेले आभार, मग मुलाखतकाराने पाहुण्याला प्रथम कोठे पाहिले याची आठवण, मग त्यावर दोघांचे हसणे, मग पाहुण्याच्या बालपणीचे आंब्याचे झाड. दिघा गाव मागे पडते, ऐरोली येते, आणि कामाचा पहिला प्रश्न अजून यायचा असतो. मोल्डिंगच्या धंद्यात सेकंदाला किंमत असते. साचा एकदा भरून माल बाहेर पडेपर्यंतचा वेळ, म्हणजे सायकल टाइम, 38 सेकंदांवरून 36 वर आणला की 20 तासांच्या चालू वेळात सुमारे 105 शॉट, म्हणजे साच्याच्या तितक्या खेपा, जास्त निघतात, आणि त्या दोन सेकंदांसाठी आम्ही साचा थंड करणाऱ्या पाण्याच्या लाइनशी आठवडाभर झटतो. अशा माणसाच्या कानात रोज सकाळी आंब्याचे झाड ओतले की त्याचे काय होणार? दुसऱ्या महिन्यापासून मी एक वही घातली. पहिला कामाचा प्रश्न म्हणजे जो याच पाहुण्याला विचारता येईल, दुसऱ्या कोणालाही नाही, अशी व्याख्या ठरवली आणि तो किती मिनिटांनी येतो याची नोंद सुरू केली. 41 मुलाखतींच्या नोंदी आहेत. सरासरी 8 मिनिटे 40 सेकंद. उच्चांक 17 मिनिटांचा. त्या दिवशी मी रबाळ्याला उतरून कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचलो होतो.

पहिले सात महिने हे सुसह्य होते, कारण प्रत्येक मुलाखतीला प्रकरणे पाडलेली होती. ‘पहिली मोठी ऑर्डर’, ‘भागीदाराशी मतभेद’, ‘बंद केलेले उत्पादन’ अशी नेमकी शीर्षके असत आणि बोट ठेवले की तेथपासून ऐकता येई. ती शीर्षके ज्याने कोणी लिहिली असतील, त्याला मुलाखतकारापेक्षा जास्त कळत होते असे माझे आजही मत आहे. आठव्या महिन्यात ॲपची नवी आवृत्ती आली आणि प्रकरणे गेली. त्यांच्या जागी यंत्राने काढलेला पाच ओळींचा सारांश आला, आणि पुढे सरकण्यासाठी फक्त 30 सेकंदांचे बटण उरले. साडेआठ मिनिटे ओलांडायला ते सतरा वेळा दाबावे लागते, तेही उभ्याने, एका हाताने दांडी धरून.

सारांशाबद्दल मी सुरुवातीला मन मोकळे ठेवले होते. नंतर लक्ष्मणराव किर्लोस्करांवरील चर्चेचा सारांश वाचला. बेळगावात 1888 मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात, पुढे लोखंडी नांगर आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी, हा क्रम सारांशात बरोबर होता. मात्र नांगराला ‘शेतकऱ्यांचा तत्काळ प्रतिसाद मिळाला’ असे वाक्य त्यात होते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. लोखंडामुळे जमीन विषारी होते, या समजुतीमुळे पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, आणि त्या चर्चेतील वीस मिनिटे याच दोन वर्षांवर होती: माल चांगला आहे, दरही परवडणारा आहे आणि तरीही गिऱ्हाईक घाबरते, तेव्हा काय करायचे? धंदा करणाऱ्याला ऐकण्यासारखे जे काही होते, तेच यंत्राने पुसून टाकले होते. माझ्याकडे पुनर्वापराच्या प्लास्टिकच्या दाण्यापासून केलेले एक झाकण सव्वा वर्ष नमुन्यांच्या कपाटात पडून आहे. गिऱ्हाईक कंपन्यांचे पर्चेसवाले ते हातात घेतात, वास घेतात आणि खाली ठेवतात. ती वीस मिनिटे मी दोनदा ऐकली.

मग तक्रार केली. पहिल्या उत्तरात माझा अभिप्राय मोलाचा असल्याचे सांगितले होते, दुसऱ्यात ॲप काढून पुन्हा बसवण्याची सूचना होती, तिसऱ्यात पुन्हा अभिप्राय मोलाचा होता. चौथ्या वेळी फोन लागला आणि एका मुलीने खरे सांगितले की प्रकरणे पाडण्याचे काम माणसे करीत असत, ते आता थांबवले आहे. तिच्या बोलण्यात ओशाळलेपणा होता, म्हणून मी तिला जास्त बोललो नाही. मात्र माणूस काढून दर एक तृतीयांशाने वाढवण्याला त्यांच्याच पाहुण्यांनी कोणते नाव दिले असते, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

एवढे लिहिल्यावर उपयोग काय झाला हेही लिहिले पाहिजे, कारण झाला आहे. विपणनावरील एका मुलाखतीत टाटा नॅनोची चर्चा होती. जानेवारी 2008 मध्ये एक लाखाची गाडी म्हणून ती दाखवली गेली, 2009 मध्ये रस्त्यावर आली आणि दहाच वर्षांत उत्पादन थांबले. सर्वांत स्वस्त गाडी हा शिक्का तिला भोवला, हे रतन टाटांनी स्वतः जाहीरपणे मान्य केले होते. हे सारे मी पूर्वी वाचलेले होते. पण गाडीत उभा असताना पाहुण्याने विचारले की तुमच्या मालाची ओळख तुम्ही पहिल्या ओळीत काय म्हणून करून देता, आणि मला माझे कोटेशनचे पत्र आठवले. वडिलांच्या काळापासून त्याची पहिली ओळ ‘बाजारातील सर्वांत कमी दरात’ अशी होती. ती काढून तेथे झाकण गळतीच्या चाचणीची पद्धत लिहिली. दोन जुन्या पार्ट्यांनी दरावर घासाघीस करणे सोडले असे नाही, परंतु एका औषध कंपनीच्या माणसाने पहिल्यांदाच फोनवर दराआधी चाचणीबद्दल विचारले. 3,600 रुपये तेथे वसूल झाले, असे मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवले आहे.

नेतृत्वाच्या मुलाखतींत संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलची 1985 ची गोष्ट वारंवार येते. जपानी कंपन्यांपुढे मेमरी चिपचा धंदा तोट्यात चालला असताना कंपनीचे अध्यक्ष अँड्र्यू ग्रोव्ह यांनी तिचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारले की आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करील, आणि मग त्यांनी स्वतःच मेमरी सोडून मायक्रोप्रोसेसर धरला. माझ्याकडे इंटेल नाही, पण एक जुना सहा कप्प्यांचा मोल्ड, म्हणजे साचा, आहे, जो महिन्यातून चार दिवस चालतो आणि दोन दिवस दुरुस्तीला जातो. आमच्या सुपरवायझरना मी तोच प्रश्न विचारला. ते क्षणभरही न थांबता म्हणाले, “शेठ, नवीन माणूस आला तर पहिला हा भंगारात देईल. मी तर चार वर्षं हेच सांगतोय.” तेव्हा ग्रोव्हपर्यंत जाण्याची गरज होती का, हा प्रश्न उरतोच.

तंत्रज्ञानाच्या मुलाखतींबद्दल थोडक्यात लिहितो. 68 पैकी 19 मुलाखतींत कॅमेऱ्याच्या फिल्मची कोडॅक कंपनी आली: 1975 मध्ये त्यांच्याच अभियंत्याने डिजिटल कॅमेरा बनवला आणि 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, ही कथा आता सत्यनारायणाच्या पोथीसारखी पाठ झाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवरील भाग ज्यांच्याकडे तीनशे मशीन आहेत त्यांच्यासाठी असावेत. माझ्याकडे एका भागानंतर एवढाच बदल झाला की मशीन का बंद पडले याचे कारण ऑपरेटर आता फळ्यावर न लिहिता मोबाइलवरील सामायिक तक्त्यात भरतात, आणि दोन महिन्यांनी कळले की सर्वाधिक वेळ मशीन बिघडल्यामुळे नव्हे, तर दाणा वाळवायला ठेवण्यास उशीर झाल्यामुळे जातो.

जे कोणीच बोलत नाही ते म्हणजे वसुली. दृष्टी, संस्कृती, धाडस यांवर तासन्‌तास बोलणारे हे नेते पुरवठादाराचे बिल किती दिवसांत देतात, हे 68 मुलाखतींत एकदाही विचारले गेलेले नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांची मुदत घातली आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे, आणि प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीनुसार आकारणी वर्ष 2024-25 पासून खरेदीदाराला सूक्ष्म व लघु उद्योगांचे मुदतीबाहेर थकवलेले पैसे प्रत्यक्ष चुकते केल्याशिवाय खर्च म्हणून वजा मिळत नाहीत. हे सर्व कागदावर आहे; व्याजाचे पत्र पाठवले की पुढची ऑर्डर मिळत नाही, हे आमच्या गल्लीतील प्रत्येकाला माहीत आहे. याबद्दल एका मोठ्या खरेदीदाराला समोर बसवून कोणी विचारले, तर मी आंब्याचे झाडही ऐकून घेईन.

आणि आता मला माझ्याच वहीविरुद्ध साक्ष द्यायची आहे. ऑगस्टपासून बायकोही स्वयंपाक करताना त्याच खात्यावर मुलाखती ऐकू लागली. ती काहीही ओलांडत नाही. एका मसाल्यांच्या उद्योजिकेची मुलाखत मी सुरुवातीची 11 मिनिटे टाळून ऐकली होती आणि सामान्य म्हणून बाजूला ठेवली होती. रात्री जेवताना ही म्हणाली, “अहो, ती बाई स्वतःच्याच कंपनीत गिऱ्हाईक बनून फोन करायची, ते ऐकलंत ना?” मी ऐकले नव्हते. ते त्या 11 मिनिटांतच होते, तिच्या आईच्या चटणीच्या आठवणीनंतर लगेच. दुसऱ्या दिवशी मेहुण्याला कारखान्याच्या नंबरवर फोन करायला लावला. त्याने पन्नास हजार झाकणांची चौकशी केली. आमच्या ऑफिसातून उत्तर मिळाले, “शेठ मशीनवर आहेत, नंतर करा,” आणि फोन ठेवला गेला. नाव नाही, नंबर नाही, नोंद नाही. गेल्या वर्षभरात असे किती फोन आले असतील, याचा तक्ता कोणत्याही मोबाइलवर निघणार नाही. त्यानंतर वहीतील सरासरीवर माझा पूर्वीइतका विश्वास राहिलेला नाही. प्रकरणे परत यावीत ही मागणी मात्र कायम आहे. काय ओलांडायचे हे मला ठरवता आले पाहिजे, मग मी चुकीचे ओलांडले तरी चालेल.

संमती रद्द करण्याचे काम बँकेकडे दोन मिनिटांत झाले. ॲपमध्ये सभासदत्व बंद करायला सात पडदे ओलांडावे लागले, त्यांपैकी दोनांवर ‘थांबा’ हे बटण मोठे आणि हिरवे होते, तर ‘बंद करा’ राखाडी आणि बारीक होते. सभासदाला बाहेर पडणे अवघड करून ठेवण्याचा हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी अनुचित ठरवलेला आहे. सातव्या पडद्यावर मला तेच सभासदत्व 3,000 रुपयांत देऊ केले गेले, म्हणजे मुकाट बसलो असतो तर 4,800 आणि निघालो तर 3,000. हे पाहिल्यावर राग वाढला आणि, खोटे कशाला सांगू, बोटही क्षणभर थबकले. शेवटी बंद केले. तक्रारीच्या उत्तरात प्रकरणे परत येण्याचे आश्वासन मिळाले तर 3,000 चा विचार करीन. 4,800 चा नाही.

सभासदत्वाचे 26 दिवस उरले आहेत आणि यादीत तीन मुलाखती न ऐकलेल्या आहेत. त्यांपैकी एक मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदाराची आहे, ती पहिल्यापासून, एकत्र ऐकायची, असे हिने बजावले आहे. वही मी कारखान्यात ठेवून आलो आहे.