मोक्सा एनपोर्ट ५११० : वजनकाट्यासाठी घेतला, पैसे वसूल

रबाळे एमआयडीसीत आमच्या कंपनीच्या गेटवर ट्रकचा वजनकाटा आहे. इंडिकेटर (वजन दाखवणारं यंत्र) जुना, मागे फक्त आरएस-२३२ म्हणजे जुना सिरियल पोर्ट. काट्याचा संगणक केबिनमधून वर ऑफिसात न्यायचं ठरलं आणि वायरचा प्रश्न आला. आरएस-२३२ साधारण १५ मीटरपुढे भरवशाचं नाही, लॅनची केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. म्हणून हा सिरियल ते लॅन कन्व्हर्टर.

तळहातावर मावेल एवढी डबी. १२ ते ४८ व्होल्ट डीसी चालतो, त्यामुळे पॅनलमधल्या २४ व्होल्टच्या एसएमपीएसवरूनच (पॉवर सप्लाय) वीज घेतली. वायरिंग तीन तारांचं: इंडिकेटरचा टीएक्स (डेटा पाठवणारी तार) डबीच्या २ नंबर पिनला, आरएक्स (डेटा घेणारी) ३ला, ग्राउंड ५ला.

खरं काम नेटवर्क सेटिंगचं. डबीचा मूळ आयपी १९२.१६८.१२७.२५४. ऑफिसचं नेटवर्क बहुधा १९२.१६८.१ चं असतं, त्यामुळे नुसतं लॅनला जोडून ब्राउझरमध्ये पान उघडत नाही आणि डबीच खराब आली असं वाटतं. तसं काही नसतं. लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१२७.१० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, केबल थेट जोडा, पान उघडेल. मग तिला आपल्या नेटवर्कमधला आयपी द्या, तोही राउटरच्या डीएचसीपी (आपोआप आयपी वाटण्याच्या) रेंजबाहेरचा. सेव्ह करून रीस्टार्ट द्यायचा, तेव्हाच बदल लागू होतो. डीएचसीपीवर सोडू नका. आयपी बदलला की कॉम पोर्ट (संगणकातला सिरियल पोर्ट) गेला, आणि भरलेला ट्रक काट्यावर उभा.

मला सगळ्यात आवडला तो रिअल कॉम मोड. विंडोजमध्ये ड्रायव्हर टाकला की नेहमीसारखा कॉम पोर्ट दिसतो, जुन्या सॉफ्टवेअरला मध्ये लॅन आहे हे कळतही नाही. ९६०० बॉडरेट (डेटाचा वेग) वगैरे सॉफ्टवेअरच सांगतं. टीसीपी सर्व्हर मोड (सॉफ्टवेअर थेट डबीच्या आयपीला जोडतं तो) वापरलात तर ते डबीत स्वतः भरावं लागतं, पोर्ट ४००१.

आणखी एक सेटिंग आवर्जून बघा: टीसीपी अलाइव्ह चेक टाइम, म्हणजे समोरचा संगणक जिवंत आहे का हे डबी किती वेळाने तपासते ते. मूळ ७ मिनिटांचा असतो. आमचं पॅनल यूपीएसवर आहे, ऑफिसातला संगणक नाही. पावसाळ्यात लाइट गेली की संगणक धाडकन बंद, पण डबीच्या लेखी जुनं कनेक्शन चालूच, म्हणून पोर्ट अडून बसतो. आम्ही तो १ मिनिटावर आणला. आता लाइट आली, संगणक चालू झाला की वजन लगेच स्क्रीनवर.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून डबी इंटरनेटवर उघडी टाकू नका. काट्याचं वजन म्हणजे थेट बिलाचा आकडा.

बाजारात याहून स्वस्त डब्या मिळतात. पण गेट दिवसरात्र चालू असेल तर हिच्यावर खर्च करा. मात्र ही फक्त आरएस-२३२ची. इंडिकेटर आरएस-४८५चा असेल तर ५१३० घ्या, दोन्ही लागत असतील तर ५१५०.