होम ब्रूइंगचं किट, "घरगुती परवाना" आणि माझे १२,३०० रुपये

मी वेंगुर्ल्याचा. नऊ वर्षं पुण्यात नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी घरी परत आलो आणि आता आईबरोबर दोन खोल्यांचा होमस्टे चालवतो. पुण्यात असताना एकदा गोझे नावाची जर्मन बियर प्यायलो होतो, मूळ गोस्लार गावची, आंबट, त्यात चक्क मीठ आणि धणे घालतात, आणि पहिल्या घोटालाच मला घरचं कोकमाचं सार आठवलं. तेव्हापासून डोक्यात होतं की आपल्या कोकमाची अशी बियर आपणच करून बघायची, विकायला नाही, स्वतःपुरती. हे सगळं सांगतोय कारण फसवणाऱ्याने माझी हीच हौस बरोबर पकडली.

फेब्रुवारीत मोबाईलवर जाहिरात दिसली, होम ब्रूइंगचं, म्हणजे घरी बियर बनवायचं, पूर्ण किट, २० लिटरचं. फोन केला तर माणूस छान मराठी बोलणारा, पाच मिनिटांत "दादा, माझं आजोळ राजापूरचं, आपण एकाच मातीतले" वगैरे. ५ किलो माल्ट (बियरचं मुख्य धान्य), १०० ग्रॅम हॉप्स (बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या गोळ्या), यीस्टची (साखरेची दारू करणाऱ्या खमिराची) दोन पाकिटं, नळवाली बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच), हायड्रोमीटर (पाण्यात साखर किती उतरली ते आकड्यात दाखवणारी नळी) असं सगळं मिळून ९,८०० रुपये. मी विचारलं की हे कायद्यात बसतं का, तर म्हणाला, "घरच्यापुरतं चालतं दादा, पण उद्या कोणी विचारायला आलं तर हातात कागद असलेला बरा," आणि त्या कागदाचे, म्हणजे "घरगुती मद्यनिर्मिती परवान्या"चे, वेगळे २,५०० घेतले. आधार कार्डाचा फोटोपण मागितला आणि मी दिला. पैसे यूपीआयने एका साध्या मोबाईल नंबरवर गेले, बिल "माल पोचल्यावर येईल" म्हणाला, ते आजतागायत आलेलं नाही.

पार्सल बारा दिवसांनी आलं. परवाना लॅमिनेट केलेला, गोल शिक्का, सही, नंबर सगळं होतं, मी तो चक्क फाईलला लावला.

आई तेव्हा मामाकडे कुडाळला गेली होती. मी माल्टचे दाणे मिक्सरला जाडसर फिरवले, मोठ्या टोपात पाणी तापवून त्यात घातले आणि तासभर ६७ डिग्रीला धरून ठेवले, थर्मामीटर घेऊन शेगडीसमोरून हललो नाही. ह्या तासाभरात माल्टमधल्या पिठाची साखर होते आणि पाणी चांगलं गोड लागायला लागतं असं मी वाचलं होतं. माझं पाणी गोड लागेना. उलट चिकट झालं, गाळायला घेतलं तर फडक्यातून उतरेना, आपली घट्ट पेज असते तसं. हायड्रोमीटर आधी साध्या पाण्यात घालून बघितला होता, बरोबर १.०००, म्हणजे साखर शून्य, दाखवत होता, म्हणजे यंत्र ठीक होतं. ५ किलो चांगल्या माल्टचं २० लिटर केलं तर १.०५० च्या आसपास आकडा यायला पाहिजे, माझा आला १.०१०.

लगेच फोन केला. तो म्हणाला, "काळजी नको दादा, यीस्ट टाका, यीस्ट सगळं ओढून घेतं." हे साफ खोटं आहे, बियरचं यीस्ट साखर खातं, कच्चं पीठ त्याला खाता येत नाही. पण त्या क्षणी मला विश्वास ठेवायचा होता म्हणून मी पाकीट उघडायला घेतलं, तर तारखेवर स्टिकर. नखाने काढला, खालची तारीख तीन वर्षांपूर्वी संपलेली. तरी कोमट साखरेच्या पाण्यात चिमूटभर टाकून बघितलं. जिवंत यीस्टला पंधरा-वीस मिनिटांत फेस यायला लागतो, हे अर्धा तास झाला तरी तळाशी मातीसारखं बसून राहिलं. दुसऱ्या पाकिटाचं तेच.

संध्याकाळी आई आली. मी काय केलंय ते सांगितलं, ती थोडी रागावली, मग पिशवीत उरलेले दाणे तिने तळहातावर घेतले, एक दाताखाली धरला आणि थुंकून टाकला. म्हणाली, "झिला, ह्येका मोड खंय इलेत? हो नुसतो जव भाजलेलो आसा."

माझी आई दर वर्षी नाचणीचं सत्व करते. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सुकवायची, दळायची. बियरचं नाव घेतलं तरी तिला आवडत नाही, पण मोड आलेलं धान्य आणि न आलेलं धान्य ह्यातला फरक तिला दाताला कळतो. माल्ट म्हणजे तरी दुसरं काय, जवाला मोड आणून गरम हवेत सुकवायचं. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम तयार होतात तीच पुढे टोपात पिठाची साखर करतात, मोडच आणला नसेल तर तासभर काय दिवसभर शिजवा, पेजच होणार. मग आम्ही दोघांनी दाणे उभे चिरून बघितले. माल्टमध्ये सालीच्या आत दाण्याच्या लांबीएवढा वाढलेला कोंब दिसायला पाहिजे, आमच्या एकाही दाण्यात नव्हता. शेवटी औषधाच्या पेटीतलं जखमेला लावायचं आयोडिन काढलं आणि पांढऱ्या बशीत त्या पाण्यावर एक थेंब टाकला. साखर झाली असती तर आयोडिनचा तांबूस रंग तसाच राहिला असता. ते शाईसारखं काळंनिळं झालं. ती बशी बघून मला खरंच रडू आलं, पैशासाठी कमी आणि तो "आपण एकाच मातीतले" म्हणाला होता त्यासाठी जास्त.

हॉप्सचं थोडक्यात सांगतो, हिरव्या गोळ्या असायला पाहिजेत, पाकीट हवाबंद आणि फ्रीजमधलं. माझ्या तपकिरी होत्या आणि त्यांना जुन्या चीजचा, घामट मोज्यांचा वास होता, म्हणजे कधीच्या खराब झालेल्या.

आणि समजा सगळा माल चांगला निघाला असता तरी त्याने आणखी एक गोष्ट लपवली होती. त्याच्या पाकिटावरचं एल यीस्ट (एल हा बियरचा एक प्रकार) १८ ते २२ डिग्रीला नीट चालतं. आपल्याकडे मार्चपासूनच घरात तीसच्या वर असतं, त्यात बियरला थिनरसारखा वास येतो आणि प्यायल्यावर डोकं धरतं. क्वाइक नावाचं नॉर्वेचं यीस्ट आहे ते ३५ डिग्रीलाही चांगलं चालतं, पण त्याचं त्याने नावसुद्धा काढलं नाही, वर "कोकणातल्या हवेला एकदम परफेक्ट" असं सांगून हे दिलं. किनाऱ्यावरच्या माणसाला हे विकणं म्हणजे जाणूनबुजून केलेली फसवणूक आहे.

पैसे परत मागितले तर दोन दिवस फोन उचलला नाही, तिसऱ्या दिवशी क्यूआर कोड पाठवला, "हा स्कॅन करा आणि पिन टाका, रिफंड लगेच येईल." इथे मात्र मी थांबलो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. तसं लिहिल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

परवान्याचं कळलं ते सगळ्यात शेवटी, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. मी तो कागद घेऊन राज्य उत्पादन शुल्कच्या ऑफिसात गेलो, मला वाटलं निदान हा तरी खरा असेल. तिथल्या साहेबांनी बघितला आणि म्हणाले की असा परवाना आम्ही देतच नाही. पिण्याचा परवाना असतो, एक दिवसाचा, वर्षाचा, आजीवन, पण तो विकत घेतलेली दारू जवळ ठेवायला आणि प्यायला, घरी बनवायला नाही. मग त्यांनी दारूबंदी कायदा, १९४९ चा, त्याचं ६५ कलम काढून दाखवलं. परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहेच, पण बनवण्यासाठी साहित्य आणि भांडी जवळ ठेवणं हासुद्धा त्यातच येतो. मी स्वतःपुरतं करणार होतो ह्याने काही फरक पडत नाही. म्हणजे ज्या कागदाच्या भरवशावर मी ती बादली घरात आणली तो कागदच खोटा, आणि घर आईच्या नावावर. त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही.

यीस्ट मेलेलंच होतं आणि मी ते त्या पाण्यात घातलंही नव्हतं, त्यामुळे त्याची दारू झाली नाही. सगळं पाणी मी माडाच्या आळ्यात ओतलं, एअरलॉक आणि हॉप्स टाकून दिले. कोकमाच्या बियरचा विचार आता महाराष्ट्रात घरी तरी करणार नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला, फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पण पैसे देऊन तोवर महिना उलटला होता. पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त असते, मी तो वेळ त्याच्या "बघतो दादा, करतो दादा"मध्ये घालवला. माल खोटा निघाला म्हणून ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, पण कळवलं. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं.

मागच्या आठवड्यात दापोलीच्या एका मित्राने मला एक फोटो पाठवला, "हा परवाना खरा आहे का रे?" तोच गोल शिक्का, तीच सही, नंबरपण माझाच, फक्त नाव त्याचं. विकणाऱ्याचं नाव वेगळं होतं आणि ह्या वेळी त्याचं आजोळ गुहागरचं होतं. मित्राने अजून पैसे दिले नव्हते. दोन्ही कागदांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून मी तक्रारीला जोडलेत, आणि अजून कोणाकडे असा कागद असेल तर तुमचापण तक्रारीला जोडा.