मांजराचं पाण्याचं कारंजं: आठ महिने वापरल्यावर

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी दुपारी कारंजं बंद पडलं. बाहेरच्या खोलीत गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची घाई, स्वयंपाकघरात नेवऱ्या तळणं चाललेलं, आणि मी जमिनीवर बसून वायर काढतेय, परत घालतेय. निळा दिवा लागत होता, पण पाणी वर चढत नव्हतं. आमची मांजर चिंगी शेजारी बसून त्या प्लास्टिकच्या फुलाकडे टक लावून बघत होती. घेऊन सात महिने झाले होते आणि पंपाची वॉरंटी एक वर्षाची, त्यामुळे दोन दिवसांत नवा पंप येईल असं मी धरून चालले होते.

कारंजं सगळीकडे मिळतं तसलंच आहे. अडीच लिटरचं, वर फूल, आत कार्बनचा फिल्टर, यूएसबीवर चालणारा पंप. फेब्रुवारीत १,७९९ रुपयांना घेतलं. चिंगी तेव्हा चौदाची झाली होती. मांजरं मूळची कोरड्या मुलखातल्या रानमांजरांची वंशज, त्यांना तहान अशी फारशी लागत नाही, आणि आमची तर आयुष्यभर कोरड्या दाण्यांवर. दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के असतं, तेच ओल्या खाण्यात पाऊण भागाहून जास्त. वाहतं पाणी दिसलं की मांजर जास्त पितं असं सगळे सांगत होते, म्हणून घेतलं.

आणि खरंच प्यायली. पहिल्या आठवड्यापासून दिवसातून सहा-सात वेळा. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, चौऱ्याऐंशीच्या आहेत, दिवसभर बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसलेल्या असतात आणि कारंजं त्यांच्या खुर्चीजवळच ठेवलंय. प्रत्येक वेळी त्या आतल्या बाजूला मान वळवून सांगायच्या, "प्यायली गो!" मला इतका आनंद झाला की मार्चमध्ये मी विकत घेतलं त्या ठिकाणी पाच तारे दिले आणि लिहिलं, "म्हाताऱ्या मांजरासाठी डोळे मिटून घ्या." तो अभिप्राय वाचून कुणी घेतलं असेल आणि माझ्यासारखंच गाफील राहिलं असेल, तर त्यांच्यासाठी हे एवढं लांबलचक लिहितेय.

मे महिन्यात नखं कापायला तिला फोंड्याच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हाताऱ्या मांजरांची नखं झिजत नाहीत, वाकून पंजाच्या गादीत रुततात, म्हणून मी दर महिन्या-दीड महिन्याने नेते. त्यांनी सहज वजन केलं. ३.६ किलो. मागच्या दिवाळीला ४.३ होतं. रोज उचलून घेत होते, पण अंगावरच्या केसांमुळे मला ते कळलंच नाही. त्यांनी विचारलं, पाणी किती पिते? मी मोठ्या उत्साहाने कारंज्याची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेत थांबले आणि म्हणाले, "वहिनी, आज रक्त घेऊया."

मूत्रपिंड नीट काम करेनासं झालं की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन ३.४ आलं, खूपच जास्त. लघवी पाण्यासारखी पातळ, विशिष्ट गुरुत्व १.०१४, मांजराचं ते १.०३५ च्या वर असायला हवं. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, चारपैकी तिसरी पायरी. डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं. मूत्रपिंड म्हातारं झालं की त्याला पाणी धरून ठेवता येत नाही. लघवी जास्त होते, अंगातलं पाणी जातं, आणि ते भरून काढायला मांजर पाण्याकडे धाव घेतं. साधारण तीन चतुर्थांश मूत्रपिंड निकामी होईपर्यंत क्रिएटिनिन वाढलेलं दिसतच नाही. कारंज्यामुळे ती पीत नव्हती. ती तहानलेली होती, आणि कारंजं समोर होतं.

तिच्या पेटीतले वाळूचे गोळे मोठे होत चालले होते, ते मी रोज स्वतःच्या हाताने काढत होते. तेही मला चांगलंच लक्षण वाटत होतं. ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा पहिला सल्ला हा. कारंजं आणल्यावर मांजर खूप पाणी प्यायला लागलं तर आनंद करण्याआधी रक्त आणि लघवी तपासून घ्या. दहाच्या पुढचं मांजर असेल तर कारंजं आणण्याआधीच तपासून घ्या.

निदान झाल्यावर माझं कारंज्याबद्दलचं मत पुन्हा बदललं, ह्या वेळी चांगल्या बाजूला. अशा मांजराला अर्धा दिवससुद्धा पाण्याविना ठेवून चालत नाही. शिवाय डॉक्टर म्हणाले की रोज किती पिते ते लिहून ठेवा, अचानक वाढलं किंवा कमी झालं तर लगेच कळवा. निरोगी मांजराला दिवसाला किलोमागे पन्नासेक मिली पाणी लागतं, त्यात खाण्यातलं पाणीही आलं. मग मी मोजायला लागले. सकाळी सात वाजता टाकी काठोकाठ भरायची, दुसऱ्या दिवशी सातला मापाच्या भांड्याने पुन्हा काठापर्यंत भरायची, जेवढं लागेल तेवढं काल गेलं. पण त्यातलं काही हवेतही जातं. म्हणून एक दिवस चिंगीला बेडरूममध्ये वाटीभर पाणी देऊन ठेवलं आणि कारंजं चोवीस तास रिकाम्या बाल्कांवात चालू ठेवलं. मे महिन्यात ६० मिली कमी झालं. जुलैत तोच प्रयोग केला तर जेमतेम २०, कारण हवेतच एवढं पाणी की कपडेसुद्धा तीन-तीन दिवस वाळत नव्हते. ते वजा करून चिंगीचा आकडा वहीत. मेमध्ये २६०च्या आसपास होता. एवढ्या अचूकपणे साध्या वाटीत मोजायला मला जमलं नसतं, कारण वाटी ती पायाने लवंडते. ह्या एका कारणासाठी कारंज्याला मी आजही मानते.

आता त्याचा खरा दोष, ज्याबद्दल मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. वीज गेली की ह्या कारंज्यात पाणी असून नसल्यासारखं. पंप थांबला की वरचं सगळं पाणी खाली टाकीत उतरतं आणि वर फुलाच्या कडेला दोन चमचे उरतं. टाकीत दोन लिटर पाणी, वर घट्ट झाकण, आणि मांजर बाहेर. गोव्यात पावसाळ्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. वारा सुटला, माडाचं झावळ तारेवर पडलं की वीज गेली. जूनमध्ये एकदा रात्री साडेअकराला गेली ती सकाळी आठला आली. आम्ही झोपलेले. सकाळी आईंनी हाक मारली, चिंगी झाकणावर पंजा घासत होती, आणि फुलात एक थेंब नव्हता. निरोगी मांजराला आठ तासांनी काही होत नाही. मूत्रपिंड गेलेल्या मांजराला होतं. त्या दिवशी तिने खाणं सोडलं, कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहत होती, आणि दवाखान्यात नेऊन सलाईन द्यावं लागलं.

खोक्यावर फुलाचा रंग, फिल्टरचे चार थर, आवाज किती कमी, सगळं छापलंय. वीज गेल्यावर काय, ह्याची एक ओळ नाही. वरची ताटली जरा खोल ठेवली असती, पाव लिटर पाणी तिथेच राहिलं असतं, तर प्रश्न सुटला असता. प्लास्टिक कितीसं जास्त लागलं असतं त्याला? मी नवीन घेणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते, कारंजं चालू असताना बघू नका, बंद करून बघा आणि वर किती पाणी उरतं ते मोजा.

उपाय मी दोन केले. एक, दहा हजार एमएएचची पॉवर बँक. पंप दोन वॉटचा, त्यामुळे बारा तास आरामात निघतात. मुलाची जुनी होती म्हणून खर्च आला नाही. दुसरा, घरभर रुंद, उथळ मातीची आणि चिनी मातीची भांडी, चार ठिकाणी. मिशा काठाला घासू नयेत एवढी रुंद. तुळशीजवळच्या दगडी दोणीतलं पाणी तिला सगळ्यांत प्रिय आहे, पण ते साचू दिलं की डासांच्या अळ्या होतात, तेव्हा रोज सकाळी ओतून ताजं भरते.

आता पंपाकडे. चवथ झाल्यावर कंपनीला व्हिडिओ, बिल, सगळं पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं की पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. पाण्यात बुडवूनच चालवायचा पंप! मी पुन्हा लिहिलं, नीट, सभ्य भाषेत. पुन्हा तेच उत्तर, आणि सोबत नव्या पंपाची लिंक, ४४९ रुपये, गोव्यात पाठवायचे वेगळे. तिसऱ्या पत्राला उत्तरच नाही. पैशांपेक्षा मला राग आला तो ह्याचा की हे यंत्र कुणीतरी आजारी जनावरासाठी वापरत असेल असा विचारच त्या उत्तरात नव्हता.

साडेचारशे रुपये द्यायचे नाहीत एवढ्या जिद्दीने मी पंप हातात घेतला. पुढचं चौकोनी झाकण नखाने सरकवलं तर निघालं. आत करंगळीच्या पेराएवढं पांढरं चक्र, त्याला चुंबकाची दांडी. दांडीभोवती चिंगीचे केस इतके घट्ट गुंडाळलेले की रिळावर दोरा गुंडाळावा तसे, आणि त्यावर बुळबुळीत लालसर थर. आमचं पाणी विहिरीचं, जांभ्या दगडातलं, त्याचा लालसर साका सगळ्या भांड्यांना धरतो. सुईने केस कापून काढले, पंप तासभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवला, कान साफ करायच्या काडीने आतली भोकं पुसली, तीन वेळा स्वच्छ पाण्यात चालवून धुतला. लावला आणि पाणी चढलं.

म्हणजे पंप बिघडलेलाच नव्हता. तेव्हा "निकृष्ट पंप" असं मी तक्रारीत लिहिलं होतं ते मागे घेते. वॉरंटीबद्दलचं काहीही मागे घेत नाही. पंप उघडून साफ करायचा असतो हे माहितीपत्रकात लिहिलं असतं, तर ना मी भांडले असते ना त्यांना उत्तरं द्यावी लागली असती. आता दर रविवारी उघडते, दहा मिनिटांचं काम आहे. पाणी कमी झालं की जो घर्रर्र आवाज येतो आणि ज्याला भिऊन चिंगी दूर पळते, तोसुद्धा निम्म्याने कमी झाला. फिल्टर महिन्याला दीडशे रुपयांचा, तो मी बंद केला. आतला स्पंज तेवढा रोज धुते. पाणी आम्ही पितो तेच गाळून उकळलेलं, तिला वेगळा कार्बन कशाला?

खाण्याबद्दल थोडक्यात. मूत्रपिंडासाठीचं कमी फॉस्फरसचं खाणं महाग आहे आणि चिंगीला आवडत नाही. ती बांगड्या-तारल्यांवर वाढलेली. शेवटी डॉक्टरांना विचारून मार्ग काढला. मासळी मीठ, कांदा, लसूण काहीही न घालता नुसत्या पाण्यात उकळायची, ते कोमट पाणी दोन चमचे तिच्या खाण्यावर ओतायचं. वास आला की येते. कांदा-लसूण मांजराला विषारी, त्यामुळे हुमणाचा, म्हणजे माशांच्या कालवणाचा, रस बोटाला लावून चाटवायची आईंची जुनी सवय आम्ही प्रेमाने बंद केली. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा खारे बांगडे घरात असतात, त्यांच्या जवळही तिला फिरकू देत नाही.

आणि जूननंतर आम्ही घरीच सलाईन देतो. एक दिवसाआड, कातडीखाली, १०० मिली रिंगर लॅक्टेट. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, नाहीतर ती शहारते. खिडकीच्या गजाला टांगते, आईंच्या मांडीवर तिला बसवते, खांद्यांमधली कातडी उचलून सुई. पहिल्यांदा माझा हात थरथरत होता, आईंनीच तिचं डोकं आपल्या तळव्यात धरलं आणि "झालं गो, झालं" म्हणत राहिल्या. पाच मिनिटांत संपतं. खांद्यावर फुगवटा येतो, संध्याकाळपर्यंत तो घरंगळत पुढच्या पायाकडे येतो आणि रात्री जिरतो. हे डॉक्टरांनी शिकवल्याशिवाय करू नका, हृदयाचा त्रास असलेल्या मांजराला जास्तीचं पाणी घातक ठरतं.

सलाईन सुरू झाल्यापासून वहीतला आकडा खाली आलाय. २६० वरून आता १७०-१८०. वजन ३.५ वर टिकून आहे. सप्टेंबरचं क्रिएटिनिन ३.१. कमी प्यायली तर मार्चमध्ये मला वाईट वाटलं असतं, आता सकाळी भांडं ओतताना पाणी लवकर काठाला लागलं की बरं वाटतं.

पाचाचे मी तीन तारे केले. एक कापला वीज गेल्यावरच्या ताटलीसाठी, एक त्या उत्तरांसाठी. दुसरं कारंजं घेणार नाही, हेच चालवीन. वही मात्र भरत आली, चतुर्थीच्या आठवड्यात कोऱ्या राहिलेल्या दोन पानांसकट. काल बाजारातून शंभर पानी नवी आणलीय, आईंनी पहिल्या पानावर तिचं नाव घातलं.