५डब्ल्यू-३० मध्ये १५डब्ल्यू-४० मिसळून गाडी चालवल्यानंतर

माझी पेट्रोल गाडी आता जुनी झाली असून तिचे इंजिन थोडे ऑईल खाते. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० ग्रेडचे ऑईल सांगितलेले आहे (डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतील, तर शेवटचा तापलेल्या इंजिनातील जाडीची श्रेणी सांगतो) आणि फिल्टर बदलल्यास चेंबरमध्ये साडेतीन लिटर बसते. मागच्या उन्हाळ्यात डिपस्टिकवरची पातळी खालच्या खुणेकडे झुकली, तेव्हा घरात १५डब्ल्यू-४० चा एक डबा होता. दोन्हींचा एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जा एकच, म्हणजे एसएन, असल्याची खात्री करून त्यातले अर्धा लिटर मी टॉप-अप म्हणून घातले. काही वाईट घडले नाही, म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या सर्व्हिसला दोन्ही ग्रेड निम्मे-निम्मे भरून पाहिले. पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा गाडी त्याच मिश्रणावर धावली. रस्ता बहुतेक ठरलेला: घोडबंदरहून माजिवडा, कळवा, विटावा आणि ठाणे-बेलापूर रस्त्याने महापे, म्हणजे निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापत राहणे.

आधी टॉप-अपविषयी. ऑईलच्या ग्रेड ठरवणाऱ्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकानुसार १०० अंश सेल्सिअसला ज्या ऑईलची स्निग्धता (म्हणजे जाडसरपणा) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (स्निग्धता मोजण्याचे एकक) यांच्या दरम्यान असते त्याला ३० म्हणतात, आणि १२.५ ते १६.३ मधल्याला ४०. माझ्या पातळ ऑईलच्या डेटाशीटवर सुमारे साडेदहा, तर जाड ऑईलच्या डेटाशीटवर सुमारे साडेचौदा सेंटिस्टोक लिहिलेले होते. तीन लिटर पातळ ऑईलमध्ये अर्धा लिटर जाड घातले तर हिशेब अकराच्या आसपास येतो, म्हणजे चेंबरमधले ऑईल अजूनही ३० च्याच पट्ट्यात राहते. त्यामुळे गाडी चालवताना काही जाणवेल अशी अपेक्षाच नव्हती, आणि जाणवलेही नाही. कमी ऑईलवर तशीच गाडी रेटणे यापेक्षा कितीतरी अधिक घातक आहे; ग्रेड जुळत नाही म्हणून पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचा तर्क मला आजही कळत नाही.

मिसळल्यावर ऑईल फाटते किंवा त्याची जेली होते, ही भीतीही निराधार आहे. आजच्या पेट्रोल इंजिनांच्या ऑईलसाठीच्या मानकांत दुसऱ्या ऑईलमध्ये एकजीव होऊन राहण्याची चाचणी समाविष्ट आहे, आणि सिंथेटिक व मिनरल यांनाही ती लागू पडते. दर्जा मात्र मिश्रणात खालच्याचाच धरावा.

निम्म्या-निम्म्या मिश्रणाची गोष्ट वेगळी आहे. स्निग्धतेची सरासरी साध्या बेरजेने निघत नाही. ती लॉगरिदमच्या हिशेबाने निघते आणि साध्या सरासरीपेक्षा थोडी कमी भरते. माझ्या दोन ऑईलचे निम्मे-निम्मे मिश्रण १०० अंशांना साधारण १२.३ सेंटिस्टोकचे होते, म्हणजे ३० च्या वरच्या सीमेला टेकलेले. गॅरेजमधील मिस्त्रींनी त्याला ‘१०डब्ल्यू-३५’ असे नाव देऊन टाकले. अशी ग्रेड एसएईच्या तक्त्यात नाही. ३० नंतर थेट ४० येते. डब्ल्यूच्या बाजूचा अंदाज तर त्याहून अवघड, कारण थंडीतील वागणूक दोन्ही ऑईलमधील मेण, पॉलिमर आणि इतर मिश्रके एकमेकांशी कशी वागतात यावर ठरते, आणि ती डब्यावरच्या आकड्यांवरून काढता येत नाही.

तरीही ठाण्यात त्या डब्ल्यूचे महत्त्व किती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ५डब्ल्यूची क्रँकिंग (थंड इंजिन स्टार्टरने फिरवण्याची) चाचणी उणे ३० अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. आमच्या पार्किंगमध्ये जानेवारीच्या पहाटेही पारा शून्याच्या जवळपास फिरकत नाही. आपल्यासाठी डेटाशीटवरचा ४० अंशांचा आकडा अधिक बोलका आहे, कारण मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील ऑईल सुरू होतानाच त्या तापमानाच्या आसपास असते. त्या आकड्यात मात्र फरक मोठा होता: पातळ ऑईल सुमारे ६५ सेंटिस्टोक, जाड सुमारे ११०. त्यामुळे सकाळी गाडी सुरू केल्यावर इंजिन थोडे जड वाटणे हा माझा भ्रम नसावा, जरी ऑईलचा दिवा पूर्वीइतक्याच लवकर विझत होता आणि टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांचा) आवाज वाढला नाही.

ॲव्हरेज किंचित घटले. ते ऑईलमुळे घटले असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण गायमुखजवळची कोंडी आणि पावसाळाभर चालू असलेला एसी यांचाही त्यात वाटा आहेच. ऑईल खाण्याचे प्रमाण मात्र स्पष्ट कमी झाले आणि टॉप-अपची गरज उशिरा पडू लागली. झिजलेल्या इंजिनात जाड ऑईल पिस्टनच्या रिंगांपाशी जास्त टिकते, त्यामुळे यात नवल नाही. परंतु हाच लाभ हवा असेल आणि मॅन्युअलमधील तक्ता परवानगी देत असेल, तर सरळ तयार ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० घ्यावे. तयार ऑईल १५० अंशांना, बेअरिंगमधील जोरदार घर्षणाच्या स्थितीत किती जाड राहते, याची चाचणी झालेली असते. घरी केलेल्या मिश्रणाची ती कोणीही केलेली नसते. शिवाय व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ज्या इंजिनात आहे तिथे ऑईलचा दाब हेच तिचे साधन असल्याने तिथे स्वतःचे मिश्रण वापरायला मी धजावलो नसतो. या हिवाळ्यानंतरच्या सर्व्हिसपासून मी पुन्हा निव्वळ ५डब्ल्यू-३० वर आलो आहे. हिमाचलातील स्पितीसारख्या कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी हिवाळ्यात जाणाऱ्याने तर मिश्रणाचा विचारही करू नये.

मोटरसायकलमध्ये ग्रेडपेक्षा जासो या जपानी वाहन मानक संस्थेचा शिक्का पाहावा. क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या ऑईलमधील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू शकतो. अशा क्लचसाठीचा एमए किंवा एमए२ हा शिक्का नसेल तर टॉप-अपलाही नको.

१५डब्ल्यू-४० चा डबा उरला होता, म्हणून सोसायटीतल्या एका शेजाऱ्यांनी त्यांच्या बीएस-६ डिझेल गाडीसाठी तो मागितला. त्यांच्या गाडीला डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) आहे आणि मॅन्युअलमध्ये कमी राख सोडणारे, एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) सी३ दर्जाचे ऑईल सांगितले आहे. माझ्या डब्यावर तो दर्जा कुठेच नव्हता. इंजिनाने त्यातले जे थोडे ऑईल जाळले असते त्याची राख फिल्टरमध्ये साचून राहिली असती, आणि काजळी जशी फिल्टर तापवून जाळता येते तशी राख जाळता येत नाही. त्यांची पातळी दोन खुणांच्या मधोमध होती, म्हणून मी डबा दिला नाही आणि योग्य दर्जाचे ऑईल मिळेपर्यंत गाडी तशीच चालवण्यास सांगितले.